चौपन्नाव्या पानावरचं टिंब

प्रधान काकू कुठलंही पुस्तक उघडायच्या ते थेट चौपन्नाव्या पानावर. नाव बघायच्या नाहीत, लेखक बघायच्या नाहीत. अंगठ्याने पानं फरफर सोडायच्या, चौपन्न आलं की थांबायच्या, पुस्तक दाराच्या उजेडाकडे तिरकं धरायच्या आणि एक डोळा बारीक करून पानाच्या खालच्या कोपऱ्यात बघायच्या. मग एक तर "झालंय" म्हणून पुस्तक फळीवर परत, नाही तर पिशवीत.

मी तेव्हा डोंबिवली पूर्वेला एका खाजगी वाचनालयात काउंटरवर बसायचे. वाचनालय म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरची दीड खोली. शेजारी पिठाची गिरणी, त्यामुळे आमच्या पुस्तकांवर धुळीऐवजी पीठ बसायचं. पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार असेल. माझी मुलं लहान होती, ह्यांच्या कंपनीत पाळ्या, सासूबाई अंथरुणाला. घराजवळची नोकरी म्हणून धरलेली. मी फार बोलत नसे. मालक दामले लोकांना कौतुकाने सांगायचे, "आमच्या सुनीताबाई म्हणजे कुलूप. वाचनालयाला असंच माणूस पाहिजे." मला तेव्हा ते बरं वाटायचं.

प्रधान काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा दामलेच काउंटरवर होते. बाई प्रत्येक पुस्तक उघडते, एकच पान बघते आणि परत ठेवते, हे त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "काय हो, नोटा शोधताय का पुस्तकात?"

"नोटा ठेवणारे लोक तुमच्याकडे कशाला येतील?" काकू मान वर न करता म्हणाल्या. "आमचं टिंब शोधतेय."

टिंब त्यांच्या यजमानांचं होतं. प्रधान साहेब कोलशेतच्या एका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन होते. वाचून झालेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून ते चौपन्नाव्या पानाच्या कोपऱ्यात, अगदी कडक पेन्सिलीने, सुईच्या टोकाएवढं टिंब द्यायचे. अशा खुणा करणारे वाचक आमच्याकडे पुष्कळ होते. एक वकील बाई नव्वदाव्या पानावर चांदणी काढायच्या, कोणी शेवटच्या पानाचा कोपरा दुमडायचा, एका आजोबांनी तर सही करायला सुरुवात केलेली. दामले ओरडायचे, "पुस्तक आहे की सातबारा?" पण प्रधानांच्या टिंबावर कोणी ओरडायचं नाही, कारण काकूंनी दाखवल्याशिवाय ते कोणाला दिसायचंच नाही.

साहेबांचे गुडघे गेले होते. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पूर्वी कामावरून येताना पुस्तक बदलून आणायचे, निवृत्त झाल्यावर खुर्ची धरली ती धरलीच. तेव्हापासून पुस्तक नेणं-आणणं काकूंच्या अंगावर आलं. आई गेल्यावर पाठच्या भावंडांचं करायला म्हणून त्यांची शाळा चौथीत सुटलेली. वाचता यायचं, पण बोट ठेवून, ओठ हलवत. एकदा मी म्हटलं, "काकू, तुमच्यासाठी पण एखादं न्या की. सोपं देते."

"मला काय करायचंय वाचून? मला न्यायचंय," त्या म्हणाल्या. "वाचणारा एक बसलाय घरात. दोघं वाचत बसलो तर भात कोण लावणार?"

पुस्तकं त्यांच्या लक्षात राहायची ती चित्रावरून आणि वासावरून. "ती विहिरीत वाकून बघणारी बाई आहे ना, ते झालं. आणि त्या टोपीवाल्याला तंबाखूचा वास येतो, ते नको. आमच्याकडे शिंका सुरू होतात." नवऱ्याला त्या 'आमच्याकडे' म्हणायच्या. आमच्याकडे आवडलं नाही. आमच्याकडे आज गप्प आहेत. बऱ्याचदा वाल सोलता सोलता उठून आलेल्या असायच्या. बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली, पानं त्यांना चिकटायची, आणि आमच्या पुस्तकांना बिरड्याचा किंचित वास लागायचा. अशा वेळी मीच चौपन्न नंबरचं पान उघडून दाखवायचे, त्या हात पाठीमागे बांधून बघायच्या. शाळेतल्या मुलीसारख्या.

चौपन्नच का, असं मी एकदा विचारलं होतं.

त्या लाजल्या. साठीला टेकलेली बाई लाजली तर बघणाऱ्याला कुठे बघावं कळत नाही. म्हणाल्या, "चौपन्न साली आमचं लग्न झालं."

"साहेब म्हणाले तसं?"

"नाही गं. मीच धरलंय. त्यांचा कंपनीतला काही नंबरही असेल."

"मग विचारा की."

"कशाला? नाही म्हणाले तर?"

ज्या घरात कोणी सतत वाचत असतं त्या घरात शांतता असते असं बाहेरच्यांना वाटतं. प्रधानांच्या घरात ती होती. मी एक-दोनदा सणाचं निमित्त काढून गेले होते, काकूंनी निनावं, त्यांच्याकडचं बेसनाचं गोड, खायला बोलावलेलं. साहेब खिडकीशी खुर्चीत, पाठ अर्धी खोलीकडे. मी नमस्कार केला, त्यांनी पुस्तकावरून मान हलवली. काकू स्वयंपाकघरातून बोलत होत्या, पाणी आज उशिरा आलं, वरच्यांच्या मुलीचं ठरलं, आणि साहेब पान उलटत होते. मध्येच ते म्हणाले, "चष्म्याचं कापड." काकूंनी हात पुसले, कापड दिलं आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं. मला वाटलं, ह्या बाईने भिंतीशी बोलायची कला कमावली आहे. आज माझ्या घरात हे एका खोलीत, मी एका खोलीत, मध्ये टीव्ही. मी काही कमावलेलं नाही. मी आपली गप्प आहे.

एक प्रसंग सांगायलाच हवा. काकूंनी एक जाडजूड रहस्यकथा नेली होती, तिची शेवटची पानं कोणीतरी फाडलेली. साहेब त्या दिवशी इतके संतापले की त्यांनी भर दुपारी काकूंना परत पाठवलं. मी शटर अर्धं खाली ओढत होते. काकू घामाने निथळत उभ्या.

"दुसरी प्रत दे गं बाई. खून कोणी केला ते कळत नाही, जेवायला बसत नाहीयेत."

दुसरी प्रत नव्हती. पण मी ती वाचलेली होती. काउंटरखाली पुस्तक धरून वाचायची माझी सवय. मी म्हटलं, "मी सांगते, तुम्ही सांगा." आणि तिथेच, अर्ध्या शटरखाली, मी त्यांना सगळा शेवट सांगितला. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. डॉक्टर नव्हे, डॉक्टरची मेहुणी. विष दुधात नव्हे, पानात. मग ओठ हलवत, पुटपुटत, मंत्र विसरू नये तशा त्या उन्हातून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर.

"सांगितलं?"

"सांगितलं." त्यांचा चेहरा काहीतरी वेगळाच दिसत होता. "त्यांनी पुस्तक मिटलं. मांडीवर ठेवलं. आणि ऐकलं गं. माझ्याकडे बघून. मी मेहुणीचं नाव विसरले तर म्हणाले, 'सावकाश, आठव.'"

त्यानंतर कितीतरी महिने त्या पुस्तक निवडता निवडता सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "शेवटची पानं नसलेलं आणखी एखादं नाही का गं तुमच्याकडे?" मी हसायचे. त्याही हसायच्या. पण डोळे फळीवर फिरत असायचे.

पुढे अडचण अशी आली की पुस्तकं संपली. दीड खोलीचं वाचनालय ते केवढं. दामल्यांनी नवी पुस्तकं घेणं जवळजवळ थांबवलं होतं, लोक व्हिडिओकडे वळले होते. काकू फळीवरचं एकेक पुस्तक काढायच्या, चौपन्न उघडायच्या. झालंय. झालंय. झालंय. दुसऱ्या वाचनालयात जायचं तर रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला. ते त्यांच्याच्याने होत नव्हतं. रिकाम्या हाताने गेल्या की साहेब बोलत नसत, जेवत नसत, खिडकीतून खाली बघत बसत. "ओरडले तरी बरं गं," काकू म्हणायच्या. "ते नुसते बसतात. मला भीती वाटते."

टिंब खोडायची कल्पना माझी. काकूंची नाही, माझी. मी म्हटलं, "सात-आठ वर्षांपूर्वी वाचलेलं कोणाला आठवतंय? टिंब पुसू, नवं म्हणून देऊ." त्या आधी घाबरल्या. मग दुसऱ्या दिवशी साहेबांच्याच ड्रॉइंगच्या डब्यातला खोडरबर पदराच्या टोकाला बांधून घेऊन आल्या. "तुमच्या रबराने काळं होतं. ह्याने काही राहत नाही." खरंच काही राहिलं नाही. एक पुस्तक गेलं, तीन दिवसांनी परत आलं. साहेब म्हणाले होते, "बरं आहे. असंच आण." चौपन्नाव्या पानावर, जुन्या टिंबाच्याच जागी, नवं टिंब. आम्ही दोघी काउंटरवर डोकं ठेवून हसलो.

किती तरी दिवस ते मजेतच चाललं. मी सकाळी आल्या आल्या दोन-तीन पुस्तकं पुसून ठेवायचे. काकू वाटीतून काहीतरी घेऊन यायच्या, खोबऱ्याची वडी, सोड्यांची खिचडी. आमचं एक गुपित होतं, आणि माझ्या त्या वेळच्या आयुष्यात गुपित म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

मग एका सकाळी काकू आल्या त्या बाकावर बसल्या. पिशवी मांडीवर. ओठ सुकलेले.

"सुनीता, काल मी ह्यांचं पुस्तक बदलायला निघालेले. जिन्यात गुडघ्यात कळ आली, तशीच परत फिरले. पिशवी टेबलावर ठेवली. म्हटलं, उद्या जाऊ. तर ह्यांनी पिशवीत हात घातला, तेच पुस्तक बाहेर काढलं, आणि म्हणाले, 'नवीन आणलंस?'"

"मग?"

"चौपन्नावं पान उघडलं. टिंब होतं. दोन दिवसांपूर्वी स्वतः केलेलं. बघत राहिले. मग मला म्हणाले, 'हे कोणी केलं?'"

मी हातातलं कार्ड खाली ठेवलं.

"मी म्हटलं, असेल दुसऱ्या कोणाचं. आणि त्यांच्यासमोर पुसलं. पुसल्यावर शांत झाले. वाचायला लागले." त्यांनी पिशवीतून ते पुस्तक काढलं, काउंटरवर ठेवलं. "म्हणतात, लेखक नवा दिसतो."

त्या दिवसापासून साहेबांना एक पुस्तक पुरलं. एकच. आमच्याकडची शेकडो पुस्तकं फळ्यांवर पीठ खात बसली आणि प्रधानांच्या घरी तेच एक पुस्तक आठवड्याला नवं होऊन जाऊ लागलं. काकूंना खरं तर आता येण्याची गरजच नव्हती. घरीच पुसता आलं असतं. पण त्या यायच्या. "आमच्याकडे आता चष्म्याचं कापडसुद्धा मागत नाहीत," एकदा म्हणाल्या. पुस्तक काउंटरवर ठेवायच्या, मी टिंब पुसायचे, त्या पिशवीत टाकायच्या, आणि थोडा वेळ बाकावर बसून गिरणीचा आवाज ऐकायच्या. चौपन्नाव्या पानाचा तो कोपरा पुसून पुसून कांद्याच्या पापुद्र्यासारखा झाला होता. पलीकडची अक्षरं दिसायला लागली होती.

आता एक गोष्ट मला दिसते, ती तेव्हा दिसत नव्हती. आयुष्यभर रेघेवर विश्वास ठेवलेला माणूस. स्वतःचं डोकं दगा देतंय असं वाटू लागल्यावर तो चौपन्नावं पान उघडून बघत होता. तिथे टिंब असतं तर त्याला कळलं असतं आपलं काय होतंय ते. वेळेवर कळलं असतं. डॉक्टरला, मुलाला, कोणाला तरी त्याने स्वतः सांगितलं असतं. ती एक खूण त्याच्याकडे होती, आणि त्याच्याच रबराने आम्ही ती पुसली. हसत हसत.

काकूंना एकाच गोष्टीची धास्ती होती. मुलाला कळायला नको. मुलगा सुहास ठाण्याला, कोलशेतच्या बाजूला नव्या इमारतींत दोन खोल्यांत राहायचा. मुलगी मीना विठ्ठलवाडीला, तिला नोकरी आणि तान्हं मूल. "कळलं की वाटणी करतील," काकू म्हणायच्या. "ह्यांना एकीकडे, मला एकीकडे. माझ्या मावशीचं तसंच केलं. चार महिने हिच्याकडे, चार महिने त्याच्याकडे, आणि दोघं म्हातारे एकमेकांना लग्नकार्यात भेटायचे. पाव्हण्यासारखे. मला ते नको. काय व्हायचं ते इथे, आमच्या घरात होऊ दे. तू कोणाला बोलू नकोस हं."

मी कशाला बोलते? मी कुलूप.

बोलले ते का, ह्याची मी इतकी वर्षं निरनिराळी कारणं दिली आहेत. स्वतःलाच, कारण दुसऱ्या कोणी विचारलं नाही. एक कारण असं की त्या आठवड्यात मला कळलं, काकू वाचनालयात येताना साहेबांना आत ठेवून बाहेरून कडी घालतात. त्यांच्या शेजारीणबाई पुस्तक बदलायला आलेल्या, त्या म्हणाल्या, "हल्ली प्रधान दार ठोकत असतात हो. आतून. 'कोणी आहे का' म्हणून विचारतात. आम्ही काय उत्तर देणार?" मी घाबरले. गॅस चालू राहिला तर, पडले तर. हे कारण खरं आहे. पण पुरतं नाही. पुरतं कारण असं की मला सुटायचं होतं. सकाळी घरी सासूबाईंचं भांडं उचलून यायचं आणि इथे येऊन ते झिजलेलं पान पुसायचं, मला दोन्हीकडे तेच दिसू लागलं होतं. काकूंची चाहूल लागली की मी फळ्यांमागे जायला लागले होते. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

सुहास एका रविवारी सकाळी आला. तो वाईट मुलगा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. आईबाबांना भेटून निघालेला, वर्षाची वर्गणी भरायला थांबला.

"बाबा अजून वाचतात ना?" त्याने विचारलं. "आई म्हणते, आठवड्याला पुस्तक लागतं. मग बरेच आहेत म्हणायचे. माझ्याशी नुसतं हं-हं करतात. पण ते आधीपासूनच तसेच."

मला 'हो' म्हणता आलं असतं. एक शब्द. मी म्हणाले, "वाचतात. एकच वाचतात."

"म्हणजे?"

सुहास येणार म्हणून काकू ते पुस्तक आदल्या दिवशी माझ्याकडे ठेवून गेलेल्या, ते काउंटरवरच होतं. मी चौपन्नावं पान उघडून त्याच्यासमोर धरलं, आणि मला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. कडीचंसुद्धा. न थांबता. एवढं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. बोलताना मला हलकं वाटत होतं. तो पानावर अंगठा फिरवत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "थँक यू, मावशी."

महिन्याच्या आत झालं. भांडण नाही, आवाज नाही. सगळे समजूतदार. साहेब सुहासकडे, तिथे दिवसभर एक बाई ठेवली. काकू मीनाकडे, तिला मुलाला बघायला माणूस हवंच होतं. दोघांना एका ठिकाणी ठेवायचं तर जागा कुठाय? आई, तूच सांग. डोंबिवलीचं घर बंद झालं.

पुस्तक परत करायला काकू आल्या तेव्हा त्यांच्या हातात पिशवी नव्हती. पुस्तक नुसतं हातात. मी नजर खाली ठेवून कार्ड शोधत बसले. कार्ड समोरच होतं.

"तू बोललीस ना," त्या म्हणाल्या. विचारलं नाही.

मी मान हलवली.

"मी त्याला म्हटलं, लोक काहीही सांगतात, तू लक्ष देऊ नकोस. तर म्हणाला, 'आई, त्या मावशी कधी बोलत नाहीत.'" त्यांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं. "तू कधी बोलत नाहीस म्हणून त्याला खरं वाटलं गं."

एवढंच. रागावल्या नाहीत. खोडरबर तेवढा काउंटरवर ठेवला, "तुला उपयोगी पडेल" म्हणाल्या, आणि पायरी उतरताना गिरणीवाल्याला, "येते रे, दळण चांगलं दिलंस इतकी वर्षं," असं सांगून गेल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. दीड-दोन वर्षांनी. सासूबाई गेल्या होत्या, त्यांच्या बहिणीला गावच्या गाडीत बसवायला मी ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत गेलेले. गाडी सुटली आणि वळले तर कल्याणच्या फलाटापाशी बाकावर काकू. वाळून अर्ध्या झालेल्या. मांडीवर कुठल्याशा वाचनालयाचं पुस्तक. पान उघडून, एक डोळा बारीक करून कोपऱ्यात बघत होत्या.

मला पळून जाता आलं असतं. त्यांनीच पाहिलं.

"सुनीता! अगं, ये. बस."

दर रविवारी त्या विठ्ठलवाडीहून साहेबांना भेटायला यायच्या. कल्याणपर्यंत रिक्षा, कल्याणहून एसटी, इथून कोलशेतची बस. "स्टेशनचे जिने नकोत. इथे बसायला मिळतं." मी विचारायच्या आत सगळं सांगू लागल्या, पूर्वी साहेबांच्या पाठीशी बोलायच्या तशाच, पण आता माझ्या तोंडाकडे बघत.

"मला ओळखत नाहीत गं. पहिल्यांदा गेले तेव्हा हातात पुस्तक होतं. बघितलं आणि म्हणाले, 'लायब्ररीतून आलात का?' सुहासची बायको म्हणाली, बाबा, ह्या आई. तर चिडले. मग मीच म्हटलं, हो, लायब्ररीतून. बसा म्हणाले. मला कधी बसा म्हणाले नव्हते." त्या हसल्या. "आता त्यांना वाचता येत नाही. मी वाचते, बोट ठेवून. कंटाळतात, म्हणतात, शेवट सांगा. मग मी शेवट सांगते. मला माहीत नसला तरी रचून सांगते. ऐकतात. सगळं ऐकतात, बघून. त्या दिवशी म्हणाले, 'आमच्या घरी एक होती, ती आणायची पुस्तकं. चांगली निवडायची.'"

मी त्यांचा हात धरला. बोटं सुरकुतलेली होती, पण आता पाण्याने नव्हे.

"टिंबाचंही विचारलं मी. लायब्ररीच्या बाईला विचारायला काय हरकत आहे? म्हटलं, चौपन्नच का हो? तर म्हणाले, 'कसलं टिंब?'" त्यांनी पुस्तक मिटलं. "तेव्हाच विचारायला हवं होतं. नाही म्हणाले असते, तर नाही."

"काकू, मी तेव्हा..."

"राहू दे." त्यांनी मला बोलू दिलं नाही. "आज काय झालं माहितेय? बरं चाललेलं. शेवट सांगत होते. मध्येच घड्याळाकडे बघायला लागले. म्हणाले, 'बाई, तुम्ही आता घरी जा.' मी म्हटलं, का हो? तर अगदी हळू आवाजात म्हणाले, 'आमची बायको येईल एवढ्यात. परकी बाई घरात बसलेली तिला आवडायचं नाही.' हाताला धरून दारापर्यंत आणून सोडलं. आणि आतून कडी घातली."

कल्याणची गाडी लागली. लोक उठले, कंडक्टर ओरडला. मी म्हटलं, "चला, मी बसवून देते." काकू उठल्या, पिशवी खांद्याला लावली, पुस्तक छातीशी धरलं. गाडीकडे बघितलं. आणि फिरल्या, डेपोच्या फाटकाकडे, रस्त्यापलीकडच्या कोलशेतच्या थांब्याकडे.

"अहो काकू, गाडी इकडे!"

"ही जाऊ दे," त्या चालता चालता म्हणाल्या. "मी पुन्हा जाऊन बघते. एव्हाना विसरले असतील."